रेडिएटर कुणाला पाठवायचा? ‘आफ्रिका फॉर नॉर्वे’ आणि आपल्या वस्तीचे फोटो



आमच्या वस्तीतल्या विहाराच्या वरच्या खोलीत अभ्यासिका चालते. तिथल्या कॉलेजच्या मुलामुलींनी यंदा १४ एप्रिलसाठी स्वतःचं गाणं लिहून त्याचा व्हिडिओ करायचं ठरवलं आहे. शूटिंग मोबाईलवर, एडिटिंगही मोबाईलवर. मला त्यात मार्गदर्शक म्हणून घेतलं आहे. म्हणजे वडापावचा खर्च आणि विहार कमिटीची परवानगी या दोन गोष्टी माझ्याकडे. कॅमेऱ्यातलं मला त्यांच्यापेक्षा कमीच कळतं. पण समाजशास्त्रात एम.ए. करताना माध्यमांवरचं जे थोडंफार वाचलं होतं ते कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं, ते आता पडेल म्हणून मी म्हटलं, आपलं करायच्या आधी दुसऱ्या देशातल्या विद्यार्थी संघटनेनं केलेलं एक गाणं बघू. लॅपटॉप लावला आणि पंधरा जण त्याच्याभोवती दाटीनं बसले.

गाणं नोव्हेंबर २०१२ मधलं आहे. नाव ‘आफ्रिका फॉर नॉर्वे’, मोहिमेचं नाव ‘रेडि-एड’. केलं कुणी? साइह नावाच्या नॉर्वेतल्या विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या संघटनेनं. ही संघटना १९६१ पासून आहे आणि दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट होती त्या काळात तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला मदत करण्यात तिची मुळं आहेत. गाण्यात आफ्रिकन तरुण गायक स्टुडिओत हेडफोन लावून, डोळे मिटून, गळ्यात हुंदका आणून गातात. कशासाठी? नॉर्वेतल्या थंडीनं गारठलेल्या बिचाऱ्या लोकांसाठी. मध्ये मध्ये बर्फावरून घसरणारी, कुडकुडणारी गोरी माणसं दिसतात. आफ्रिकेतले लोक आपापले रेडिएटर देतात, ते गोळा होतात आणि नॉर्वेला जातात. सगळं अगदी गंभीर चेहऱ्यानं.

व्हिडिओ संपला. हसलं कुणीच नाही. एका मुलानं विचारलं, “ताई, रेडिएटर म्हणजे रिक्षाचा का?”

चूक माझी. थंड देशांत भिंतीला लावलेल्या ज्या लोखंडी पट्ट्यांतून गरम पाणी फिरतं आणि खोली उबदार होते त्यांना रेडिएटर म्हणतात, हे मी आधी सांगायला हवं होतं. आमच्याकडे रेडिएटर रिक्षाचा किंवा टेम्पोचा, आणि तो उन्हाळ्यात तापतो. त्या मुलाचा बाप रिक्षा चालवतो. त्याला वाटलं, हे लोक नॉर्वेतल्या रिक्षावाल्यांना मदत पाठवत आहेत.

मला मात्र या प्रश्नानं अर्धं काम करून दिलं. स्टुअर्ट हॉल नावाचा एक मोठा अभ्यासक होऊन गेला. जन्म १९३२ चा, जमैकातला. पुढे ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यानं माध्यमांच्या अभ्यासाला वेगळं वळण दिलं. १९७३ साली त्यानं मांडलं की संदेश म्हणजे नळातून येणारं पाणी नव्हे, की तिकडून सोडलं आणि इकडे तसंच पडलं. संदेश बांधणारा आपल्या समजुतींच्या कापडात गाठोडं बांधतो आणि सोडणारा ते आपल्या समजुतीनं सोडतो. दोघांचं जगणं सारखं असेल तर आतून तेच निघतं. नसेल तर रेडिएटर रिक्षाचा होतो.

हॉलनं सोडवण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या. आपल्या उदाहरणानं बघू. सहा डिसेंबरला वाहिन्यांवर काय दिसतं? दादरची गर्दी, वाहतुकीतले बदल, वरून काढलेलं शिवाजी पार्क. एक प्रेक्षक म्हणतो, बाप रे, केवढी गर्दी, आज त्या बाजूला जायला नको. त्यानं गाठोडं जसं बांधलं तसंच सोडलं. दुसरा म्हणतो, गर्दी असते खरी, पण लोक शिस्तीत असतात हो. तो थोडा घासाघीस करतो, पण ‘गर्दी’ ही चौकट त्याला मान्य आहे. तिसरा विचारतो, या दिवशी तिथे पुस्तकांचे एवढे स्टॉल लागतात, कपड्यांची पिशवी बाजूला ठेवून माणसं पुस्तकांच्या पिशव्या भरून नेतात, तो कॅमेरा तिकडे का वळत नाही? हा चौकटच नाकारतो. आपल्यातले बरेच जण तिसऱ्या जागी बसून टीव्ही बघतात, फक्त त्याला नाव आहे हे माहीत नसतं.

आता या गाण्यातली थट्टा कळायला त्याच्या मागचं गाणं माहीत हवं. ऑक्टोबर १९८४ मध्ये बीबीसीवर इथिओपियातल्या दुष्काळाचं वार्तांकन दाखवलं गेलं. हाडांचे सापळे झालेली मुलं, उघड्या माळावर मरणाची वाट बघणारी माणसं. ते बघून बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी ब्रिटन आणि आयर्लंडमधले त्या वेळचे नामांकित, बहुतेक गोरे, गायक एकत्र केले. ‘बँड एड’ या नावानं नाताळावर गाणं निघालं, प्रचंड खपलं, पैसा उभा राहिला. गाण्याच्या नावातच एक प्रश्न आहे, की तिकडच्या लोकांना नाताळ आल्याचं ठाऊक तरी आहे का? इथिओपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे. नाताळ तिथे ७ जानेवारीला साजरा होतो. आफ्रिकेत पाऊस आणि नदी नसल्यासारखं वर्णन त्या गाण्यात आहे आणि नील नदीची एक मोठी शाखा उगम पावते ती इथिओपियातच. पण ज्यांच्यासाठी गाणं बांधलं होतं त्या श्रोत्यांना यातलं काही खटकलं नाही. गाठोडं नीट सुटलं.

तिथे यादवी युद्ध चालू होतं, लष्करी राजवट होती, धान्याचं राजकारण होतं. भूक आभाळातून पडली नव्हती. रोलां बार्थ या फ्रेंच लेखकानं १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात दाखवलं आहे की चित्र इतिहास कसा पुसून टाकतं. माणसांनी केलेली गोष्ट निसर्गानं झाल्यासारखी दिसायला लागते. कोरडी जमीन, उपाशी मूल, माश्या. प्रश्न विचारायला जागाच उरत नाही, फक्त पाकीट काढायचं.

हे वाचताना मला आफ्रिकेपेक्षा आपली विहीर आठवते. दुष्काळात डोक्यावर हंडे घेतलेल्या बायांचा फोटो वर्तमानपत्रात दरवर्षी येतो. त्यातली बाई दोन किलोमीटर लांबून पाणी आणते ते पाऊस कमी झाला म्हणून, की जवळच्या विहिरीवर तिला कुणी उभं करत नाही म्हणून, हे फोटोत कधीच येत नाही. महाडच्या चवदार तळ्याला २० मार्च १९२७ ला पाणी कमी नव्हतं.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढे लिहिणं बरोबर होणार नाही.

शिक्षण संपवून मी एका संस्थेत लागले. संस्थेचं नाव इथे देत नाही. वस्तीत बालवाडी चालवायची, आयांच्या बैठका घ्यायच्या, असं काम. कंपनी कायद्यात सीएसआरची तरतूद आली आणि १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर घालायची जबाबदारी आली, तेव्हा आमच्यासारख्या संस्थांमध्ये माहितीपत्रकांना एकदम महत्त्व आलं. एका कंपनीला प्रस्ताव द्यायचा होता, फोटो हवे होते. शहरातून फोटोग्राफर आला. मी एका घरी आधी निरोप दिला होता, की उद्या मुलीचा फोटो काढायचा आहे. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्या सात-आठ वर्षांच्या मुलीला आईनं सकाळीच न्हाऊ घातलं होतं. केसांना तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी, दिवाळीचा फ्रॉक, पायात सँडल. आई दारात उभी. फोटो म्हटल्यावर माणूस हेच करतो.

फोटोग्राफरनं माझ्याकडे बघितलं. माझ्या वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, “असा नको. रोजचा दिसतो तसा हवा.” मी आईला काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं, पण इथे लिहवत नाही. रिबिनी सुटल्या. फ्रॉकच्या जागी घरातला झगा आला. सँडल काढले. तिला भिंतीच्या कडेला बसवलं, कारण तिथे पोपडे निघालेले होते. “जरा गंभीर हो बाळा.” ती आपसूकच गंभीर झाली होती.

‘रोजचा दिसतो तसा’ हे खोटं होतं. रोज ती वेण्या घालूनच बालवाडीच्या मदतनीस बाईंकडे यायची. आम्ही तिला रोजच्यापेक्षा गरीब केलं आणि त्याला वास्तव म्हटलं.

आणि हेही सांगते, पैसे आले. त्या पैशातून बालवाडी दोन वर्षं चालली, पंचवीस-तीस मुलांना खाऊ मिळाला. म्हणून मला या विषयावर ताठ मानेनं बोलता येत नाही. बँड एडचे लोकही हेच म्हणतात, की तुमची टीका ठीक आहे, पण या गाण्यानं माणसं जगली. ते खोटं नाही. भुकेल्या पोराला सिद्धान्त वाढता येत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की वेण्या घातलेल्या मुलीच्या बालवाडीला त्या कंपनीनं पैसे दिले नसते का? आम्ही विचारून बघितलंच नाही. आम्हीच ठरवून टाकलं.

ती मुलगी आता बी.कॉम.ला आहे आणि व्हिडिओ करणाऱ्या या पंधरा जणांत आहे.

दया करणाऱ्याची ही सोय बाबासाहेबांनी नव्वद वर्षांपूर्वी ओळखली होती. पुणे करारानंतर लगेच, सप्टेंबर १९३२ मध्ये, अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था निघाली, तिचाच पुढे हरिजन सेवक संघ झाला. बिर्ला अध्यक्ष, ठक्कर सचिव. नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यात त्यांनी दोन वाटा मांडल्या. एक, माणूस आपल्या दुर्गुणांमुळे मागे राहतो असं समजून त्याला सुधारत बसायचं. दुसरी, त्याच्या भोवतालची परिस्थिती बदलायची: विहिरी, शाळा, चावडी, नोकऱ्या, एकत्र उठणं-बसणं. संस्थेनं आपली शक्ती दुसऱ्या वाटेवर लावावी आणि कामाला माणसं घेताना आपल्या समाजातली घ्यावीत, असा आग्रह त्यांनी धरला. पत्राला उत्तर आलं नाही.

१९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात बाबासाहेबांनी या संघाची जी चिरफाड केली आहे ती प्रत्येक समाजकार्याच्या विद्यार्थ्यानं वाचावी. माझ्या अभ्यासक्रमात ती नव्हती. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, यावर गांधींचं उत्तर असं होतं की हे हिंदूंचं प्रायश्चित्त आहे, पैसा हिंदूंचा आहे, म्हणून कारभारही हिंदूंनीच करायचा. म्हणजे ज्याच्यासाठी सगळं चाललंय तो फक्त घेणारा. बँड एडचा स्टुडिओ आठवा. गाणारे ते, रडणारे ते, मोठे मनाचे ठरणारेही ते. आफ्रिकन माणूस फक्त पडद्यावर, आणि तोही न बोलता.

‘आफ्रिका फॉर नॉर्वे’नं नेमका हा स्टुडिओ उचलला आणि माणसांच्या जागा बदलल्या. सूर तोच, हेडफोन तेच, हुंदका तोच. आता मूर्खपणा दिसायला लागतो, कारण नॉर्वे हा जगातल्या सर्वात श्रीमंत देशांपैकी एक आहे हे सगळ्यांना माहीत आहे. एका देशाची ओळख म्हणून फक्त बर्फात घसरणारी माणसं दाखवली तर ते हास्यास्पद वाटतं, मग एका अख्ख्या खंडाची ओळख म्हणून फक्त उपाशी मुलं दाखवली तर ते खरं का वाटतं? साइहनं गाण्याबरोबर मागण्याही ठेवल्या होत्या: देणग्यांसाठी साचेबंद प्रतिमा वापरू नका, शाळांमधून आणि माध्यमांतून जगाची नीट माहिती द्या, माणसं दाखवताना त्यांचा मान राखा, मदत तुमच्या चांगुलपणावर न ठरवता समोरच्याच्या गरजेवर ठरवा. पुढच्या काही वर्षांत त्यांनी वाईट जाहिरातींना ‘गंजका रेडिएटर’ आणि चांगल्यांना ‘सोनेरी रेडिएटर’ अशी बक्षिसं दिली. २०१७ मध्ये गंजका रेडिएटर मिळाला तो प्रसिद्ध गायक एड शिरन लायबेरियातल्या रस्त्यावरच्या मुलांना भेटतो त्या फिल्मला.

याच शिरनचं पुढचं ऐका. २०१४ मध्ये इबोलाच्या साथीसाठी बँड एडचं गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं, त्यात तो गायला होता. घानाचे मूळ असलेला ब्रिटिश गायक फ्यूज ओडीजी यानं मात्र त्या वेळी नकार दिला आणि जाहीरपणे कारण सांगितलं. अशी गाणी सहानुभूती मिळवतात, पण आफ्रिकेची जी प्रतिमा पसरवतात तिच्यानं तिथल्या लोकांच्या कमाईला आणि स्वाभिमानाला मार बसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये, गाण्याला ४० वर्षं झाली म्हणून जुने आवाज एकत्र करून ते पुन्हा काढलं गेलं. या वेळी शिरननं सांगितलं की मला विचारलं असतं तर मी माझा आवाज वापरू दिला नसता. दहा वर्षांत एका गायकाचं मत बदललं. गाणं मात्र पुन्हा निघालंच.

म्हणजे २०१२ चा विद्यार्थ्यांचा व्हिडिओ फुकट गेला? मला तसं वाटत नाही, पण त्याची मर्यादा आमच्या अभ्यासिकेतच कळली.

रेडिएटरचा अर्थ कळल्यावर पोरांनी तो पुन्हा बघितला आणि या वेळी खूप हसले. लगेच कल्पना सुरू झाल्या. एक जण म्हणाला, आपण ‘सोसायटीवाल्यांसाठी मदतफेरी’ काढू. बिचाऱ्यांना स्वतःचा संडास साफ करता येत नाही, स्वतःचा कचरा उचलता येत नाही, पिढ्यान्‌पिढ्या वंचित आहेत. त्यांना खराटे वाटू, प्रशिक्षण शिबिर घेऊ, शेवटी सर्टिफिकेट देऊ, ग्रुप फोटो. दुसऱ्यानं तिथल्या तिथे दोन ओळी रचल्या. मीही हसले.

तेव्हा ती बी.कॉम.ची मुलगी म्हणाली, “नॉर्वेवाल्यावर हसलं तर त्याचं काय जातं? त्याला कोण भाड्यानं खोली नाकारणार आहे? आपण असा व्हिडिओ टाकला तर सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आयांचं काय?”

खोली शांत झाली. मी वाचलेल्या पुस्तकांत हा मुद्दा इतका थेट नव्हता. हॉलनं १९९७ च्या एका पुस्तकात साचेबंद प्रतिमा उलटवण्याच्या तीन पद्धती सांगितल्या आहेत आणि पहिली हीच: साचा सरळ उलटा करणे. तो म्हणतो की यानं गंमत येते, बळ येतं, पण वर-खाली ही जोडी तशीच राहते. तिची भर मला त्याहून महत्त्वाची वाटली. उलटवण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. ओस्लोतल्या विद्यार्थ्यानं स्वतःच्याच देशावर विनोद केला की त्याला शाबासकी मिळते. आपल्याकडे २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या एका तरुणाचा खून झाला आणि भांडण सुरू झालं होतं त्याच्या मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या शाहिरांना गाण्यापायी यूएपीएखाली तुरुंग बघावा लागला. माध्यमाच्या सिद्धान्तात संदेश बांधणाऱ्याच्या मानेवर कुणाचा हात आहे याचा रकानाही असायला हवा.

आणखी एक गोष्ट. रेडि-एड ही कल्पना नॉर्वेतल्या संघटनेची. गायक आफ्रिकन आहेत, पण कुणावर हसायचं आणि किती हसायचं हे ठरवलं नॉर्वेच्या लोकांनी. युरोपातल्या प्रेक्षकानं बघितलं, हसला, आपण तसले नाही म्हणून सुखावला आणि पुढचा व्हिडिओ लावला. हॉलच्या भाषेत ही घासाघीस करणारी तऱ्हा.

दुसरी पद्धत म्हणजे चांगल्या प्रतिमा. साच्यात आपण दीन दिसतो, मग आपण स्वतःला रुबाबदार दाखवू. आपल्या सध्याच्या बहुतेक भीमगीतांच्या व्हिडिओंची ही वाट आहे. निळा धूर, बुलेट, गॉगल, स्लो मोशनमध्ये चालत येणारे पंचवीस जण, डीजे. आमच्यातले काही जाणते लोक याला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. ज्याच्या आजोबाला चप्पल हातात घेऊन गावातून जावं लागलं त्याच्या नातवाला बुलेटवर बसून कॅमेऱ्याकडे बघावंसं वाटतं, यात मला उथळपणा दिसत नाही. त्या आईनं घातलेल्या लाल रिबिनीच आहेत या. अडचण एवढीच की चांगल्या प्रतिमा वाईट प्रतिमांच्या शेजारी जाऊन बसतात, त्यांना उठवत नाहीत. यूट्यूबवर बुलेट चालते आणि माहितीपत्रकात अनवाणी मुलगीही चालूच राहते. शिवाय या व्हिडिओंत मुली कुठे असतात? बहुतेक वेळा ओवाळायला.

आणि बाजार रुबाब उचलतो, मजकूर टाकतो. २०१६ मध्ये जेएनयूच्या घोषणांवरून बनलेलं आझादीचं गाणं २०१९ च्या ‘गली बॉय’मध्ये आलं तेव्हा ठेका राहिला, मनुवाद आणि ब्राह्मणवाद हे शब्द गळाले. ज्या पोरांनी ते फक्त सिनेमात ऐकलं त्यांना काही गळालं आहे हेच कळलं नाही.

हॉलची तिसरी पद्धत मला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाची वाटते. बघण्याकडेच बघायचं. फोटोऐवजी फोटो कसा काढला जातो ते दाखवायचं. आपल्याला हे नवीन नाही. सत्यशोधक आणि नंतर आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाचा सांगाडा ठेवला, लोक जमतात म्हणून, आणि त्याच्या पोटातला देवादिकांचा आणि शृंगाराचा भाग काढून तिथे शाळा, पाणवठा, बामणी कावा यांचे सवालजवाब घातले. प्रेक्षक तमाशा बघायला यायचा आणि आपण आजवर काय बघत होतो त्याकडे बघून जायचा. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढताना बाबासाहेबांनी नावातच हे केलं. मुके म्हणून ज्यांच्याविषयी इतर बोलत होते त्यांचाच नायक, तोही बोलणारा.

त्या दिवशी मी पोरांना तो फोटोचा प्रसंग सांगितला. सगळ्यांसमोर, त्या मुलीची आधी परवानगी घेऊन. तिला आठवत होतं. तिला सँडल आठवत होते. गेल्या डिसेंबरात तिनंच मला मोबाईलवर दाखवलं होतं की तिचा तो फोटो संस्थेच्या वेबसाईटवर अजून आहे. खाली इंग्रजीत लिहिलंय की या मुलीचं भविष्य तुमच्या हातात आहे. ती चिडली नव्हती. “ताई, माझी वेणी कुठाय?” एवढंच विचारलं होतं.

आता गाण्याचा मधला भाग त्यावर आहे. एक फोटोग्राफर वस्तीत येतो, मुलीला म्हणतो सँडल काढ, ती काढते; हस म्हणतो, नको म्हणतो, गंभीर हो म्हणतो. आणि मग कॅमेरा वळून त्या फोटोग्राफरवर, त्याच्या बाजूला कागद धरून उभ्या असलेल्या ताईवर जातो. ती ताई मी करावी असा पोरांचा आग्रह आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

स्क्रिप्ट वाचताना एका मुलानं आमचीच दुखरी नस पकडली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्याच मंडळांनी रेशनचे किट वाटले. जीव धोक्यात घालून वाटले, त्याबद्दल दुमत नाही. पण म्हातारीच्या हातात किट, चार जणांचे हात त्या किटवर आणि मागे सात चेहऱ्यांचा बॅनर, असे फोटो किती टाकले आपण? फोटोग्राफर बाहेरूनच येतो असं कुठे आहे? याच्या उलट सहा डिसेंबरला जेवण आणि पाणी देणारे स्टॉल बघा. किंवा हार-मेणबत्तीऐवजी वही-पेन आणायची पद्धत घ्या. देणारा आणि घेणारा एकाच रांगेतून आलेला असतो, वही कुणाला मिळाली याचा फोटो नसतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये करुणेवर थांबू नका, मैत्रीपर्यंत जा असं बुद्धाच्या तोंडून मांडलं आहे. दया दाखवायला समोरचा खाली असावा लागतो, मैत्रीला तो शेजारी बसलेला चालतो. किटच्या फोटोंवर एक दृश्य घालायचं का, यावर मंडळाची पोरं आणि अभ्यासिकेची पोरं यांच्यात जोरात वाद झाला. मंडळाचा एक कार्यकर्ता उठून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, बॅनर मी देतो, जुना पडलाय घरी.

व्हिडिओसाठी त्यांनी स्वतःच काही नियम केले आहेत. कुणाचाही चेहरा विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. ज्याचा चेहरा असेल त्याला एडिट झालेला भाग आधी दाखवायचा आणि नको म्हटलं तर काढायचा. लहान मुलाच्या आईला विचारायचं, आणि आई कपडे बदलून आणते म्हणाली तर थांबायचं. खराटेवाली मदतफेरी तूर्त बाजूला ठेवली आहे, पण ज्यानं ती सुचवली त्यानं त्या दोन ओळी जपून ठेवल्यात हे मला माहीत आहे.

फोटो काढून टाकावा असा ईमेल त्या मुलीनं संस्थेला स्वतःच्या नावानं पाठवला आहे. मी मसुदा करून देते म्हटलं होतं, तिनं नको म्हटलं. दोन आठवडे झाले, उत्तर नाही. पुढच्या रविवारी शूटिंग आहे. रिक्षावाल्या मुलानं बापाकडून एक जुना, फुटका रेडिएटर मागून आणलाय आणि तो विहाराच्या जिन्याखाली ठेवलाय. कशासाठी विचारलं तर म्हणतो, असू दे, कुठेतरी बसवू.